मदत हवी आहे : उष्ट्रासनात कमरेत येणारी कळ

वय 47, काम बैठे, राहणे नागपुरात. भुजंगासन व सेतुबंधासन ही पाठ मागे वाकवणारी योगासने विनात्रास जमतात. उष्ट्रासनात (गुडघ्यांवर उभे राहून मागे वाकत हात टाचांवर टेकवण्याच्या आसनात) मात्र हात टाचांकडे नेताना मांड्या मागे कलतात आणि कमरेत डावीकडे चिमटा बसल्यासारखी कळ येते, जी आसन सोडताच थांबते. पायांत मुंग्या नाहीत, रक्तदाब सामान्य आहे आणि अस्थिरोगतज्ज्ञांनी सावकाश सरावास परवानगी दिली आहे. चवडे टेकवून टाचा उंचावल्या, मांड्या भिंतीला लावून पाहिल्या, तरी फरक पडला नाही. हात कमरेवरच ठेवल्यास कळ येत नाही, पण छातीही फारशी उघडत नाही. सराव घरीच, पहाटे सतरंजीवर होतो (इकडच्या उन्हाळ्यात दुसरी वेळ सोयीची नसतेच). पाठीचा वरचा भाग मोकळा होण्यासाठी आधी कोणती आसने करावीत, आणि हात टाचांवर नेण्याइतकी तयारी झाली, हे नेमके कशावरून ओळखावे?