६० हजारांत मराठी टी-शर्टचा छोटा ब्रँड : माल, छपाई आणि हिशेब

गोदाकाठ (प्रश्न)
मराठी म्हणी आणि बोलीतले शब्द छापलेले टी-शर्ट विकायचं ठरवलंय. बजेट ६०,००० रुपये. विक्री सुरुवातीला इन्स्टाग्रामवरून, जमलं तर पुढे वेबसाइट. ५ डिझाइन, ३ रंग, एस ते डबल एक्सएल असे ५ साइझ ठेवायचा विचार आहे. तिरुपूरचा एक विक्रेता १८० जीएसएम (चौरस मीटरला १८० ग्रॅम) बायोवॉश (लव काढून मऊ केलेले) प्लेन पीस देतोय, किमान १०० घ्यावे लागतील. तयार प्लेन घ्यावेत की कापड आणून शिवून घ्यावेत? स्क्रीन प्रिंट की डीटीएफ (फिल्मवर छापून उष्णतेने कापडावर चिकटवणं)? आणि जीएसटी नंबर पहिल्या दिवसापासून लागतो का?

सुतगिरण
आधी गुणाकार करा. ५ × ३ × ५ म्हणजे ७५ प्रकार झाले. १०० पीस त्यात वाटले तर प्रत्येक प्रकाराचा जेमतेम एक. काळा एल पहिल्याच आठवड्यात संपणार आणि मोहरी रंगाचा एस दिवाळीनंतरही कपाटात असणार. एक रंग घ्या, फार तर दोन. डिझाइन तीन पुरेत. महत्त्वाचं म्हणजे सगळा माल एकदम छापू नका. प्लेन पीस कधीही कुठल्याही डिझाइनला वापरता येतो. छापलेला पीस अडकला तर अडकलाच. काळ्या १०० पीसची सुरुवातीची विभागणी एस १२, एम २८, एल ३२, एक्सएल २०, डबल एक्सएल ८ अशी धरा आणि त्यातले निम्मेच छापून घ्या.

शिवून घ्यायच्या भानगडीत आत्ता पडू नका. १८० जीएसएमच्या एका पीसला कटिंगची घट धरून साधारण पाव किलो कापड जातं. एक रोल २०-२५ किलोचा, म्हणजे एकाच रंगाचे ८० ते १०० पीस तिथेच झाले. गळ्याची रिब (ताणली जाणारी पट्टी) वेगळी घ्यावी लागते आणि ती त्याच लॉटमध्ये रंगवलेली नसेल तर उन्हात गळा वेगळा दिसतो. शिलाईला ओव्हरलॉक (कापडाच्या कडा बांधणारं) आणि फ्लॅटलॉक (ताणली जाणारी दुमड शिवणारं) दोन्ही मशीन हवीत. शर्ट-पँट शिवणाऱ्या टेलरकडे फ्लॅटलॉक सहसा नसतं, आणि साध्या मशीनवर दुमडलेली बाही ताणली की टाका तटकन तुटतो, कारण ती शिलाई कापडाबरोबर ताणली जात नाही. कोणी इचलकरंजी सुचवेल, पण तिथला मुख्य धंदा यंत्रमागाच्या कापडाचा आहे. तुम्हाला होजिअरी, म्हणजे ताणलं जाणारं विणीचं कापड हवं.

पैसे भरण्याआधी दोन नमुने मागवा, एम आणि डबल एक्सएल. एकाचा १० × १० सेंमी चौकोन कापून सोनाराच्या काट्यावर वजन करा. १.८ ग्रॅम भरलं तर १८० जीएसएम खरं. १.६ भरलं तर भाव पुन्हा बोला. दुसऱ्यावर छातीपाशी उभी आणि आडवी ४० सेंमीची खूण करून तीनदा धुवा, वाळवा, मोजा. ३८ झालं तर ५ टक्के आटलं. त्याहून जास्त आटत असेल तर कॉम्पॅक्टिंग (कापड आधीच आटवून घेणं) धड झालेलं नाही. त्याच पीसची बाजूची शिवण बघा. खालच्या काठाशी ती दोन-तीन सेंमी पोटावर फिरून आली असेल तर तो लॉट घेऊ नका. सिंगल जर्सीत (टी-शर्टच्या साध्या विणीत) सुताचा पीळ नीट बसवलेला नसला की असं होतं, आणि इस्त्रीने ते दुरुस्त होत नाही. शेवटी ओलं पांढरं फडकं घासून रंग सुटतो का पाहा.

स्क्वीजी_आणि_शाई
वरचं सगळं बरोबर. छपाईबद्दल बोलतो.

तुमचं काम अक्षरांचं, एका रंगाचं. एका डिझाइनचे ३०-४० पीस असतील तर स्क्रीन घ्या. स्क्रीनचा (जाळीच्या साच्याचा) खर्च रंगामागे एकदाच, त्यामुळे पीस वाढले की भाव उतरतो. दहा-पंधराच पीस किंवा फोटोसारखं बहुरंगी चित्र असेल तर डीटीएफ. सबलिमेशनवाला (उष्णतेने शाई कापडात मुरवणारा) गळ्यात पडेल, पण ते फक्त फिक्या रंगाच्या पॉलिस्टरवर धरतं. काळ्या कॉटनवर काहीच दिसणार नाही.

काळ्यावर पांढरं छापताना एकाच हातात काम उरकलं की प्रिंट राखाडी दिसतं. एक हात, फ्लॅशने (वरून तापवणाऱ्या हीटरने) वाळवणं, मग दुसरा हात, असं करून घ्या. प्लास्टिसोल शाईचा पूर्ण थर साधारण १६० अंशांपर्यंत तापायला हवा. नुसता वरचा पापुद्रा सुकला तर दुकानात प्रिंट झकास दिसतं आणि चार धुण्यांत तडे जातात. तपासणी सोपी आहे : पहिला पीस थंड झाल्यावर प्रिंट दोन्ही हातांनी ताणा. तडकलं तर बाकीचे छापू देऊ नका.

खान्देशी_प्रिंट
स्क्रीनचा आग्रह मला तितका पटत नाही. तीन डिझाइन आणि ५० पीस म्हणजे डिझाइनमागे १७ पीस. कुठलं चालणार हे माहीत नसताना तीन स्क्रीन कशाला? पहिली खेप डीटीएफ करा, चाललेल्या डिझाइनची स्क्रीन बनवा.

डीटीएफ फिल्म मीटरवर मिळते, छपाईची रुंदी साधारण ५८ सेंमी. २८ × २२ सेंमीचं डिझाइन एका मीटरमध्ये आडवे दोन, उभे चार, असे आठ बसतात. खाली उरलेल्या १२ सेंमीच्या पट्टीत गळ्याच्या आतले लेबल छापून घ्या, वेगळं विणलेलं लेबल शिवायचा खर्च वाचतो. हीट प्रेस १५०-१६० अंश, १२-१५ सेकंद. फिल्म गरम सोलायची की थंड, ते विकणाऱ्याला विचारून घ्या. उलटं केलं की कडा उचलतात. सोलल्यावर वर बटर पेपर ठेवून पुन्हा ५-१० सेकंद दाबा. पावसाळ्यात कॉटन ओल धरतं, म्हणून प्रिंट ठेवण्याआधी नुसता टी-शर्ट ५ सेकंद दाबून वाफ काढा. कॉलरची किंवा खांद्याची शिवण प्रेसखाली आली तर तिच्या आजूबाजूला दाब बसत नाही आणि नेमकं तिथेच प्रिंट सुटतं.

मोठा भरीव चौकोन मात्र डीटीएफने छापू नका. छातीवर प्लास्टिकचा तुकडा चिकटवल्यासारखा लागतो, आत घाम साचतो. अक्षरं सुटी ठेवा.

गोदाकाठ
पटलं. काळा रंग, तीन डिझाइन. एक अडचण : फाइल प्रिंटवाल्याच्या कोरलड्रॉमध्ये उघडली तर जोडाक्षरं फुटली, वेलांट्या भलतीकडे गेल्या.

स्क्वीजी_आणि_शाई
त्यांच्याकडे तुमचा फॉन्ट नाही किंवा जुनी आवृत्ती आहे. अक्षरं कर्व्हमध्ये (नुसत्या आकारांत) बदलून पीडीएफ द्या, मग फॉन्ट लागतच नाही. बदलण्याआधी मूळ फाइल वेगळी ठेवा, नंतर ऱ्हस्व-दीर्घ सुधारता येत नाही. फॉन्टचा परवानाही बघा. मुक्ता आणि बालू मुक्त परवान्याचे आहेत, विक्रीच्या मालावर चालतात. कुठून तरी उतरवलेला सुलेखनाचा फॉन्ट वापरू नका.

देवनागरीत घात होतो तो बारीक जागी. ‘क्ष’, ‘ध’, ‘श्र’ यांच्या पोटातली फट स्क्रीनमध्ये शाईने बुजते, आणि डीटीएफमध्ये १ मिमीहून बारीक रेघ चिकटवायची पावडर नीट धरत नाही. रफार आणि अनुस्वार शिरोरेषेपासून थोडे वर उचला. खऱ्या मापाचा कागदी प्रिंट काढून छातीवर धरा आणि दोन मीटरवरून वाचायला लावा.

जमाखर्च
जीएसटीचं राहिलं. मालाच्या विक्रीला महाराष्ट्रात उलाढालीची मर्यादा ४० लाख आहे, पण राज्याबाहेर एकही पीस विकला की नोंदणी सक्तीची. बेळगाव किंवा इंदूरची ऑर्डर नाकारणार नसाल तर नंबर आधीच घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या पीसवर ५ टक्के, त्याहून महाग पीसवर १८ टक्के. एचएसएन (मालाचा कर-कोड) ६१०९. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगाची सरकारी नोंद) फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका. ब्रँडचं नाव ट्रेडमार्कच्या वर्ग २५ (कपडे) मध्ये शोधून मगच लेबल छापा. ट्रेडमार्कच्या वैयक्तिक ऑनलाइन अर्जाला ४,५०० रुपये लागतात. सिनेमातले संवाद आणि अशोकस्तंभ दोन्ही टाळा.

हिशेबाचा नमुना, भाव तुमचे घाला. समजा प्लेन १७०, छपाई ४५, लेबल-टॅग ८, पिशवी ४, कुरिअर ७०, पेमेंटचं शुल्क १२. झाले ३०९. ५९९ ला विकला तर त्यातला साडेअठ्ठावीस कर. उरले २६१, त्यात जाहिरात यायची आहे. कॅश ऑन डिलिव्हरीचे १०० पैकी २० परत आले आणि जाण्यायेण्याचे प्रत्येकी १३० धरले तर २,६०० रुपये बाकी ८० पीसवर बसतात, पीसमागे साडेबत्तीस. म्हणून सुरुवातीला आगाऊ पैसेच घ्या, हवं तर ३० रुपये सूट द्या. १८० जीएसएमचे दोन पीस बहुतेक अर्ध्या किलोच्या कुरिअर दरात बसतात. २४० जीएसएमचे ओव्हरसाइझ दोन घेतले की पुढचा दर लागतो. ‘दोन घ्या, डिलिव्हरी फुकट’ लिहिण्याआधी पिशवीसकट वजन करून पाहा.