जेंटामायसिन, कर्क्युमिन आणि उंदरांची मूत्रपिंडं: प्रोटोकॉल बघून द्या

रंकाळाकाठ:
एम. फार्म., फार्माकोलॉजी, कोल्हापूर. जेंटामायसिन या अँटिबायोटिकनं मूत्रपिंडाला होणारी इजा हळदीतल्या कर्क्युमिननं टळते का, ते बघायचंय. आयएईसीला (प्राण्यांवरच्या प्रयोगांची नैतिकता समिती) फॉर्म बी (परवानगीचा अर्ज) द्यायच्या आधी कुणीतरी डोळ्याखालून घाला. विस्टार जातीचे नर उंदीर, १८० ते २२० ग्रॅम, गटात ६. गट चार: नॉर्मल, जेंटामायसिन १०० मिग्रॅ/किलो, आयपी (पोटाच्या पोकळीत इंजेक्शन), ८ दिवस, तेच अधिक कर्क्युमिन १००, तेच अधिक कर्क्युमिन २००. कर्क्युमिन ०.५ टक्के सीएमसीतून (औषध तरंगत ठेवणारा दाट द्राव) तोंडावाटे, इंजेक्शनच्या तासभर आधी. नवव्या दिवशी क्रिएटिनिन आणि बीयूएन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी), एमडीए (ऑक्सिडेशनच्या इजेची खूण), जीएसएच (पेशीतलं अँटिऑक्सिडंट), हिस्टोपॅथ (ऊतीची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी). शंका तीन. पाचवा गट लागेल का? शोषण वाढवायला पिपेरिन (मिऱ्यातला घटक) घालू का? सांगलीहून हळद आणून अर्क इथंच काढला तर चालेल का?

खलबत्ता:
पाचवा गट हवाच, नुसतं कर्क्युमिन २००. तो नसेल तर कर्क्युमिन स्वतः काही बिघडवतं का, हे कळायला मार्ग नाही. तुझ्या यादीत नुसतं वेहिकल (औषध ज्यात मिसळतो तो द्राव) कुठं दिसत नाही. नॉर्मल आणि जेंटामायसिन गटालाही गॅव्हेजनं (तोंडावाटे पोटात नळी घालून) सीएमसी गेलं पाहिजे, आणि ज्यांना जेंटामायसिन नाही त्यांना तेवढंच सलाईन आयपी. नळीचा ताण सगळ्यांना सारखा.

डोसचा हिशेब सोपा आहे: ४० मिग्रॅ/मिली च्या व्हायलमधून २०० ग्रॅमच्या उंदराला २० मिग्रॅ, म्हणजे ०.५ मिली. पण वजन रोज घे. औषधाच्या गटाचं वजन उतरतं आणि पहिल्या दिवशीच्या आकड्यावर डोस देत राहिलास तर शेवटी तो जास्त पडतो. सस्पेन्शन रोज ताजं कर, देण्याआधी हलव. कर्क्युमिन तळाशी बसतं आणि पहिल्या-शेवटच्या उंदराचा डोस एक राहत नाही. आठ दिवसांत रविवार येणारच, ॲनिमल हाऊसची किल्ली कुणाकडं ते आत्ताच ठरव.

पंचगंगा_घाट:
पिपेरिन नको. उंदरांत कर्क्युमिनची जैवउपलब्धता १५४ टक्के आणि माणसांत २००० टक्के वाढली, हा १९९८ चा आकडा सगळे उचलतात. पण पिपेरिन सीवायपी३ए४ (औषधं मोडणारं एन्झाइम) आणि पी-ग्लायकोप्रोटीन (औषधं पेशीबाहेर ढकलणारं प्रथिन) दोन्ही अडवतं. जेंटामायसिनचं चयापचय होत नाही, ते तसंच मूत्रावाटे जातं, म्हणून इथं फारसं बिघडणार नाही. उद्या मूत्रपिंड बिघडवायला सायक्लोस्पोरिनचं मॉडेल घेतलंस तर मात्र औषधाची रक्तातली पातळीच बदलेल. शिवाय नुसत्या पिपेरिनचे गट वाढवावे लागतील. १२ उंदीर जास्त कशाला, याचं उत्तर समितीला देत बसशील.

माझ्या मते खरा प्रश्न वेगळा आहे. जेंटामायसिन मेगालिन या पेशीवरच्या प्रथिनाच्या वाटेनं प्रॉक्सिमल ट्यूब्यूलच्या (मूत्रपिंडातल्या नळीचा सुरुवातीचा भाग) पेशीत शिरून लायसोसोममध्ये (पेशीतल्या पाचक पिशव्या) साठतं. कर्क्युमिननं शिरणंच कमी केलं तरी एमडीए उतरेल, आणि शिरल्यानंतर ऑक्सिडेशन थोपवलं तरी उतरेल. ‘अँटिऑक्सिडंट परिणाम’ असं लिहून मोकळं होऊ नकोस. कॉर्टेक्सचा (मूत्रपिंडाचा बाहेरचा थर) एक तुकडा उणे ८० अंशांला ठेव आणि त्यातलं जेंटामायसिन मोजून घे. सिस्प्लॅटिन या कर्करोगाच्या औषधाला हाच प्रश्न ओसीटी२ चा, ते त्या प्रथिनाच्या वाटेनं पेशीत शिरतं.

खलबत्ता:
बरोबर, या मॉडेलवरच्या प्रबंधांत हेच राहून जातं.

काचपट्टी:
मोजमापात काय चुकतं ते सांगतो. क्रिएटिनिन जाफेच्या रंग-पद्धतीनं करू नकोस. उंदरांच्या सीरममध्ये क्रिएटिनिन मुळातच कमी असतं आणि प्रथिनं, ग्लुकोज त्याच रंगात मिसळतात. फरक खरा असूनही पुसट दिसतो. एन्झायमॅटिक किट घे. रक्त फुटलेला नमुना बाद. लघवी वाढलेली दिसली तर ‘मूत्रपिंड सुधारलं’ असं लिहू नकोस. जेंटामायसिनची इजा बहुधा लघवी न तुटता होते.

एमडीएसाठी मूत्रपिंड गार सलाईननं धू, आत रक्त राहिलं तर हिमोग्लोबिन टीबीएआरएसमध्ये (एमडीए मोजायची चाचणी) आणि तांबड्या पेशींचं एन्झाइम कॅटालेजच्या मापात (तेही करणार असशील तर) घोळ घालतं. होमोजिनेट (वाटून केलेला ऊतीचा द्राव) १० टक्के, बर्फावर.

हिस्टोपॅथला अख्खं मूत्रपिंड फॉर्मालिनमध्ये टाकू नकोस. आतपर्यंत द्राव पोचायच्या आधी प्रॉक्सिमल ट्यूब्यूल स्वतःच कुजू लागतात, आणि स्लाइडवर ते नेक्रोसिससारखं (औषधानं पेशी मेल्यासारखं) दिसतं. मधून उभं चिरून, दहापट १० टक्के बफर्ड फॉर्मालिनमध्ये २४ तास. स्लाइड बघणाऱ्याला गट सांगायचा नाही. एच अँड ई या नेहमीच्या रंगाबरोबर पीएएस रंगही कर, ब्रश बॉर्डर (नळीच्या पेशींची आतली झालर) गेलेली लगेच कळते.

रंकाळाकाठ:
आभार सगळ्यांचे. हळदीचं राहिलं.

पंचगंगा_घाट:
दळलेली नको, हळकुंडंच घे. तीही पॉलिश न केलेली. रंगासाठी लेड क्रोमेट चोळल्याची भेसळ होते, आणि शिसं हे स्वतःच मूत्रपिंडाला घातक. म्हणजे वाचवायला दिलेल्या अर्कातूनच इजा! हळदीत कर्क्युमिन सुमारे ३ टक्केच, आणि ‘९५ टक्के’ लिहिलेल्या डब्यातही डेमिथॉक्सी आणि बिसडेमिथॉक्सी ही त्याची भावंडं मिसळलेली असतात. एचपीएलसी (घटक वेगळे करून मोजायची पद्धत) करून तिन्हींचं प्रमाण लिही. स्टॉक अल्कलीत विरघळवू नकोस, पीएच ७.२ च्या फॉस्फेट बफरमध्येसुद्धा ३७ अंशांला अर्ध्या तासात ९० टक्के कर्क्युमिन नाहीसं होतं.

कोल्हापुरी_चप्पल:
मधेच विचारतो. नात्यातल्या एकांना सिस्प्लॅटिन चालू आहे. हळदीच्या कॅप्सूल द्याव्यात का?

काचपट्टी:
डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. हे वर सगळं उंदरांचं चाललंय. सिस्प्लॅटिनच्या वेळी मूत्रपिंडासाठी सलाईन आणि मॅग्नेशियम देतात, ते चुकवू नका. हळदीच्या मोठ्या डोसनं लघवीत ऑक्झलेट वाढतं, आणि ऑक्झलेटनं मूत्रपिंड बिघडल्याच्या नोंदीही आहेत. आमटी-भाजीतली हळद चालते, तिची काळजी करू नका.