जुना साडेचार फुटी लेथ: बघताना काय बघू?

पत्र्याची_शेड (सांगली)
बँकेतून निवृत्त झालो. घरामागे दहा बाय बाराची शेड आहे, तिथं छोटी वाफेची इंजिनं करायचा जुना नाद आता पुरवायचाय. कोल्हापुरात उद्यमनगरात एक जण कारखाना आवरतोय. बेल्टवरचा लेथ (धातू फिरवून कातायचं यंत्र), काम धरायचा तीन जबड्यांचा चक, 2 एचपी थ्री फेज मोटर. सत्तर हजार म्हणतो. हिरवा रंग अगदी चकाचक. घरी सिंगल फेज. ही म्हणते, आधी शेडचा कोबा बघा.

जुना_टर्नर
वहिनींचं बरोबर आहे. आणि रंगाचं म्हणाल तर बैलबाजारात शिंगं रंगवतात, दात नाही. लेथचे दात म्हणजे बेड, ज्यावर सगळं सरकतं तो खालचा लांब पाया. सगळं काम चकाजवळ होतं, म्हणून झीज तिथंच. टेलस्टॉककडचा, म्हणजे चकाच्या समोरच्या टोकाचा, भाग कोराच राहतो. सॅडल (हत्यार घेऊन बेडवर सरकणारा भाग) चकाजवळ आणून मागची पट्टी आवळा, मग हळूहळू टेलस्टॉककडे न्या. वाटेत जाम झालं की समजा बेड खाल्लाय. हत्यार आडवं सरकवणाऱ्या क्रॉस स्लाइडचं हँडल पाव फेरा मोकळं फिरलं तर घाबरू नका, गनमेटलचा नट नवा करता येतो. बेडचं ग्राइंडिंग मात्र परवडत नाही.

आटे पाडताना बदलायच्या चेंज गिअरचा डबा मागून घ्याच. माझ्या पहिल्या लेथचा लीडस्क्रू (आटे पाडताना सॅडल ओढणारा लांब स्क्रू) इंची होता आणि डब्यात 127 दातांचा गिअर नव्हता. पाच इंच म्हणजे बरोबर 127 मिलिमीटर, त्याच्याशिवाय मिलिमीटरचे आटे नेमके बसत नाहीत. दोन वर्षं नुसते इंची बोल्ट करत बसलो.

वायरमन_74
मोटरची नेमप्लेट बघा. 2 एचपीची मोटर बहुधा 415 व्होल्टला स्टार जोडणीत असते. सिंगल फेजवरचा व्हीएफडी (सिंगल फेजचे तीन फेज करणारा ड्राइव्ह) 230 व्होल्टचेच तीन फेज देतो, म्हणून जोडणी डेल्टात, म्हणजे कमी व्होल्टच्या पद्धतीत, करावी लागेल. मोटरच्या सहा वायरी बाहेर नसतील तर मोटर वाइंडरकडून काढून घ्या. व्हीएफडी आणि मोटरच्या मधे स्विच टाकू नका.

पत्र्याची_शेड
काल जाऊन आलो. सॅडल वीतभर सरकलं आणि बसलं. मालक म्हणाला, "तेल घातलं की पळतंय." घातलं, पळालं नाही. पंचावन्नवर आला, तरी नको म्हटलं. मग त्यानंच शेजारच्या गाळ्यात नेलं. तिथं रंग उडालेला, चिकट तेलानं माखलेला एक लेथ होता. सॅडल या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखं गेलं. साठ हजारांत ठरवला, विसार दिला. लीडस्क्रू इंची आहे. डब्यात सगळे गिअर आहेत, 127 चा सोडून.

जुना_टर्नर
दात कुठल्या मापाचे आहेत ते मोजून कळवा. माझ्याकडे एक जादा आहे.