बेंजामिन बटनची लांबी
'द क्युरिअस केस ऑफ बेंजामिन बटन' हा सिनेमा अर्धा तास सहज कापता आला असता असं काहींचं म्हणणं आहे, पण मला उलट वाटतं, १६६ मिनिटं आहेत म्हणूनच म्हातारा जन्मलेला बेंजामिन (ब्रॅड पिट) हळूहळू तरुण होताना पटतो, नाहीतर नुसता मेकअपचा खेळ झाला असता (ऑस्कर तरी मेकअप, व्हिज्युअल इफेक्ट्स आणि आर्ट डिरेक्शनलाच मिळाले म्हणा, १३ नॉमिनेशन्सपैकी ३). कापायचंच तर ते हॉस्पिटलमधलं डायरीवाचन कापा, दर वेळी लिंक तुटते राव. रशियातल्या मुर्मान्स्कच्या हॉटेलला मात्र हात लावायचा नाही! रात्री सगळे झोपल्यावर टिल्डा स्विंटन आणि बेंजामिन चहा पीत गप्पा मारत बसतात, फारसं काही घडत नाही, तरी नायिका डेझीबरोबरच्या अख्ख्या लव्हस्टोरीपेक्षा मला तेच जास्त रोमँटिक वाटलं. आणि तो पॅरिसचा टॅक्सी अपघात, कुणी बाई कोट विसरते, कुणाच्या बुटाची नाडी तुटते, ड्रायव्हर कॉफीला थांबतो, यातलं एक जरी घडलं नसतं तर डेझीचा पाय वाचला असता, दिग्दर्शक फिंचर काय चीज आहे ते तिथे कळतं. ब्रॅड पिट तरुण झाल्यावर नुसताच देखणा दिसतो, अभिनय सगळा म्हातारपणी करून झाला बहुतेक.