औसा–खरोसा–किल्लारी एक दिवसाची सहल लावावी का?

क्रुझरवाला_औसा
लग्नसराई सरली की आपली क्रुझर दारातच उभी असते. म्हणून म्हटलं पुण्या-मुंबईच्या लोकांसाठी सहल लावावी. सकाळी औशाचा भुईकोट, मग खरोसा लेणी, दुपारी किल्लारीचा भूकंपाचा स्मृतिस्तंभ आणि १९९३ च्या भूकंपात पडलेलं जुनं गाव. मावशी म्हणते, "मेलेल्यांचं गाव दाखवून पैसे घेतोस व्हय रे?" तिच्या घरची माणसं त्या रात्री गेली, तिच्यापुढं काय बोलणार? पण आमच्याच पोरांना १९९३ म्हणजे काय ते ठाऊक नाही. तुम्हाला काय वाटतं?

सास्तूरकर
मावशीला घेऊनच ठरव बाबा. आणि नुसते ढिगारे दाखवू नको, घरं का पडली ते सांग. आदल्या दिवशी गणपती बुडवून गाव झोपलं होतं, ३० सप्टेंबरला पहाटे चारच्या आत सगळं संपलं. जाडजूड दगडी भिंती, दगडांमधी नुसती माती, वर माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं ओझं. भिंत फुटली की माळवद अंगावर. माळवद उन्हाळ्यात गार राहायचं म्हणून आमच्या आज्याला त्याचा केवढा अभिमान!

मग नवं गाव दाखव. अशी ५२ गावं दुसरीकडं वसवली. घरं २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची, ज्याची जमीन जास्त त्याला मोठं. रस्ते सरळ, रुंद. पण घर इकडं अन् रान जुन्या शिवारात, त्यामुळं सकाळी बाया टमटमला लोंबकळत खुरपायला जातात. लग्नसराई नसताना क्रुझर तिथंच फिरव की! रोजचं भाडं सुटेल, पाहुणे काय महिन्यातून एकदा.

रुळावरून
पाहुणे लातूर स्टेशनवरून घ्या. भूकंपाच्या वेळी लातूर शहरात बार्शी लाइटची, म्हणजे अरुंद रुळांवरची छोटी रेल्वेगाडीच यायची. आता रात्री मुंबईत बसलेला माणूस सकाळी लातूरला उतरतो, तिथून औसा वीसेक किलोमीटर. वेळ उरला तर निलंग्याचं नीलकंठेश्वर मंदिर घ्या, कोरीवकाम बघण्यासारखं आहे. आणि गाडी काळी-पिवळीच्या परमिटवर असेल तर आधी आरटीओत जाऊन या.

क्रुझरवाला_औसा
परमिटचं ध्यानातच नव्हतं. मावशीला विचारलं. म्हणाली, तीस सप्टेंबरला गाडी न्यायची नाही, आणि स्तंभापाशी सेल्फी काढणाऱ्याला तिथंच उतरवायचं. शेतावर बाया नेायला क्रुझर फिरवली तर टमटमवाले मात्र भांडायला उठतील, त्यांच्यातलं कुणी इथं आहे का?