मदत हवी आहे : विस्कॉन्सिनचा 'दोन गव्हर्नर' खटला मराठीत कसा सांगू?

नमस्कार मंडळी,

पुढच्या रविवारी आमच्या वाचनकट्ट्यावर मला अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या १८५५ च्या गव्हर्नर निवडणुकीवर बोलायचं आहे. टिपण होत आलंय, पण एका शब्दापाशी अडलेय.

प्रकरण असं. डेमोक्रॅट विल्यम बार्स्टो आधीपासून पदावर, समोर नव्याने निघालेल्या रिपब्लिकन पक्षाचे कोल्स बॅशफर्ड. राज्याच्या मतमोजणी मंडळाने बार्स्टोंना १५७ मतांनी विजयी ठरवलं. पण उत्तरेकडच्या विरळ वस्तीतून मागाहून आलेली पुरवणी निकालपत्रकं संशयास्पद होती. जिथे मतदान केंद्रच नव्हतं, तिथलीही मतं त्यांत होती! ७ जानेवारी १८५६ ला मॅडिसनमध्ये दोघांनीही शपथ घेतली. बार्स्टोंनी थाटामाटात, बॅशफर्डनी सरन्यायाधीश व्हाइटन यांच्यापुढे, गाजावाजा न करता.

मग बॅशफर्ड न्यायालयात गेले. बार्स्टोंच्या वकिलांचं म्हणणं, मंडळाने दिलेला विजयाचा दाखला अंतिम, न्यायालयाने यात पडूच नये. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते मानलं नाही. पद मतदारांच्या मतांनी मिळतं, दाखला हा त्याचा निव्वळ पुरावा. मग बार्स्टोंच्या बाजूने खटल्यातून अंग काढून घेतलं. तरीही न्यायालयाने बॅशफर्डना आयतं पद दिलं नाही, पुरावे मागितले. मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच.

२१ मार्चला बार्स्टोंनी राजीनामा दिला. चार दिवस लेफ्टनंट गव्हर्नर आर्थर मॅकआर्थर (जनरल डग्लस मॅकआर्थर यांचे आजोबा) खुर्चीत होते. २४ ला निकाल लागला, बॅशफर्ड १,००९ मतांनी विजयी, आणि २५ ला त्यांनी पदभार घेतला.

आता अडचण. ही कारवाई 'क्वो वॉरंटो'ची, म्हणजे आपली 'अधिकारपृच्छा' : पदावर बसलेल्याला न्यायालयाने 'कोणत्या अधिकाराने बसलात?' असं विचारणं. पण आपल्याकडे निवडणुकीचा वाद राज्यघटनेच्या कलम ३२९ मुळे निवडणूक याचिकेतूनच न्यावा लागतो. मग अधिकारपृच्छा म्हटलं की ऐकणाऱ्यांचा घोटाळा होणार. वकील मंडळी, दोन वाक्यांत हा फरक कसा सांगाल? शिवाय 'राज्यपाल' म्हटलं तर नेमलेला माणूस डोळ्यांसमोर येतो, म्हणून मी 'गव्हर्नर'च ठेवलंय. चालेल ना?

आणखी एक. याच बॅशफर्डनी पुढे एका रेल्वे कंपनीकडून ५०,००० डॉलरचे रोखे घेतल्याचं चौकशीत उघड झालं. मला ते लपवायचं नाही. पण सुरुवातीलाच सांगितलं तर न्यायालयाने दाखवलेला काटेकोरपणा झाकोळला जाईल, अशी भीती वाटते. तुम्ही कुठे सांगितलं असतं?

शुक्रवारपर्यंत उत्तरं आली तर टिपणात बदल करता येतील. आगाऊ आभार.