प्रोसेसर तोच, रॅम तीच, जोडणारेही तेच. मग एक कंपनी दुसरीच्या पुढे जाते कशी?

धरमपेठ_एमबीए

नमस्कार. मी नागपूरला एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, ऑपरेशन्स घेतलंय. सेमिनारला विषय मिळालाय: संगणक कंपन्यांना सप्लाय चेनमुळे (भाग बनवणाऱ्यापासून गिऱ्हाइकापर्यंत माल पोचवणारी साखळी) मिळणारी आघाडी. वाचायला लागले आणि अडकले. प्रोसेसर बहुतेकांचा इंटेल नाहीतर एएमडीचा. रॅमच्या चिप्स मुख्यतः सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांच्या. लॅपटॉप जोडून देतात क्वांटा, कॉम्पाल अशा तैवानी कंपन्या, आणि त्या एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या ब्रँडचं काम एकाच वेळी करतात. सगळ्यांचं सामान एकाच ठिकाणाहून येत असेल तर आघाडी कुणाला आणि कशात? सर हे विचारणारच. 'कार्यक्षमता वाढते, खर्च कमी होतो' एवढ्यावर माझं समाधान होत नाही. या धंद्यात कुणी असेल तर कृपया सांगा.

बर्डीवाला_असेंबलर

बेटा, मी नव्वदच्या दशकापासून नागपूरच्या बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, पीसी जोडून विकतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

सामान एकच असलं तरी ते कुणाच्या अंगावर किती दिवस पडून राहतं, आणि तेवढे दिवस पैसा कुणाचा अडकतो, इथं सगळा फरक पडतो. संगणकाचे भाग पडून राहिले की बहुतेक वेळा त्यांचा भाव उतरतो. आमचा माल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसमधून ट्रान्सपोर्टनं यायचा. बिल्टी (ट्रान्सपोर्टची पावती) दाखवून पेटी सोडवेपर्यंत कधी कधी रॅमचा रेट खाली आलेला असायचा. त्यामुळं गिऱ्हाइकाचा ॲडव्हान्स हातात आल्याशिवाय महागाचा प्रोसेसर कुणी मागवत नसे.

मायकेल डेलनं 1984 मध्ये अमेरिकेत ऑस्टिनच्या विद्यापीठात शिकताना डेल ही संगणक कंपनी काढली, तीही याच पद्धतीवर: आधी ऑर्डर, मग जोडणी, मधे दुकानदार नाही. 1996 पासून ते वेबसाइटवरून विकू लागले. त्या काळात भागांच्या किमती आठवड्याला साधारण एक टक्का उतरतात असं मानलं जायचं. आता तूच हिशेब कर. दुकानांमार्फत विकणाऱ्या कंपनीचा माल कारखाना, डिस्ट्रिब्युटर आणि दुकान मिळून आठ आठवडे पडून राहिला, तर सात-आठ टक्के तिथंच गेले. डेलकडे 2002-03 च्या सुमारास साठा असायचा जेमतेम चार दिवसांचा. ज्या धंद्यात निव्वळ नफाच पाच-सहा टक्के, तिथं सात टक्क्यांचा फरक म्हणजे समोरचा तोट्यात आणि तुम्ही फायद्यात. शिवाय नवा प्रोसेसर आला की जुना साठा संपायची वाट पाहावी लागत नाही, तो दुसऱ्याच आठवड्यात मशीनमध्ये बसतो.

पैशाची गोष्ट तर याहून मोठी आहे. डेलला ग्राहकांकडून पैसे सरासरी महिनाभरात मिळायचे, आणि पुरवठादारांना ते द्यायचे दोन महिन्यांनंतर. म्हणजे धंदा जितका वाढेल तितकी रोकड हातात जास्त. आमच्यासारख्याला माल वाढवायचा तर बँकेच्या पायऱ्या चढाव्या लागतात. त्यांच्या वाढीला पैसा पुरवठादारच पुरवत होते. सेमिनारमध्ये एकच गोष्ट सांगायला वेळ मिळाला तर ही सांग.

ऑर्डर सरळ ग्राहकाकडून येत असल्याचा आणखी एक फायदा होता. 21 सप्टेंबर 1999 ला तैवानमध्ये मोठा भूकंप झाला, चिपचे कारखाने थांबले. तेव्हा डेलच्या लोकांनी फोनवर आणि वेबसाइटवर, जे भाग हातात होते त्यांच्या मॉडेलचे भाव आकर्षक केले आणि मागणी तिकडं वळवली. ज्यांनी मॉडेल आधीच पक्की जाहीर केली होती त्यांना ग्राहकांना थांबवून ठेवावं लागलं.

ॲपलचंही वाच. 1998 मध्ये टिम कुक कॉम्पॅक सोडून तिथं गेला. महिनाभराचा साठा त्यानं काही महिन्यांत सहा दिवसांवर आणला. मुख्य पुरवठादार शंभरावरून चोवीस केले, एकोणीस गोदामांपैकी दहा बंद केली. हा धंदा दुधाच्या धंद्यासारखा चालवावा, असं त्याचं म्हणणं. पण म्हणून ॲपल फक्त साठा कमी करत बसली नाही. 2005 मध्ये तिनं सॅमसंग, हायनिक्स, मायक्रॉन, इंटेल आणि तोशिबा यांच्याशी 2010 पर्यंतच्या फ्लॅश मेमरीचे करार केले आणि सव्वा अब्ज डॉलर आगाऊ मोजले. गाणी ऐकायचा त्यांचा आयपॉड नॅनो तेव्हा नुकताच बाजारात आला होता, आणि त्याला हीच मेमरी लागायची. बाकीच्यांच्या वाट्याला उरेल ती मेमरी, मिळेल त्या भावात.

हे मी पुस्तकातून सांगून नाही राहिलो. 2011 च्या पावसाळ्यानंतर थायलंडमध्ये पूर आला आणि हार्ड डिस्कचे कारखाने पाण्यात गेले. बर्डीवर डिस्कचे रेट दुप्पट झाले, काही दिवस त्याच्याही वर गेले. डिस्ट्रिब्युटर सकाळी एक रेट सांगायचा, दुपारी दुसरा. मोठ्या कंपन्यांचे डिस्कवाल्यांशी लांब मुदतीचे करार होते, त्यामुळं आहे तो माल आधी त्यांना मिळाला. जोडून विकणाऱ्यांची गिऱ्हाइकं त्या हिवाळ्यात ब्रँडेड पीसीकडं वळली, आणि त्यातली बरीच परत आली नाहीत. आघाडी म्हणतात ती हीच. टंचाईत डिस्कवाला आधी कुणाला माल देणार, हे टंचाई यायच्या कितीतरी आधी ठरलेलं असतं.

वाडी_गोदाम

भाऊंनी साठ्याचं सांगितलं, मी जागेचं सांगतो. मी अमरावती रोडला गोदामाचं काम पाहतो. 1 जुलै 2017 ला जीएसटी लागू होण्याआधी कंपन्या जवळजवळ प्रत्येक राज्यात डेपो ठेवायच्या, कारण माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विकला की केंद्रीय विक्रीकर लागायचा. दहा डेपो म्हणजे दहा ठिकाणी थोडा थोडा जास्तीचा साठा. रायपूरला पडून आहे आणि नागपूरला संपलाय, असं सर्रास व्हायचं. कर बदलल्यावर कमी पण मोठी गोदामं परवडू लागली, आणि देशाच्या मध्यावर असल्यामुळं नागपूरजवळच्या वाडी-गोंडखैरीकडं बरीच कामं आली.

सेमिनारसाठी एचपीच्या डेस्कजेट प्रिंटरचं उदाहरण नक्की घ्या. आधी प्रत्येक देशाचा पॉवर सप्लाय आणि माहितीपुस्तिका कारखान्यातच डब्यात जायची. त्यामुळं युरोपातच एका देशाचा माल शिल्लक आणि शेजारच्याचा संपलेला. मग त्यांनी प्रिंटर सगळ्यांसाठी एकसारखा पाठवायचा आणि पॉवर सप्लाय, पुस्तिका तिथल्या गोदामात ऑर्डरप्रमाणे घालायची असं ठरवलं. साठा कमी, तरी माल वेळेवर. त्यासाठी डिझाइन करणाऱ्यांना गोदामाचा विचार आधीच करावा लागला, आणि मला यातलं हेच सगळ्यात आवडतं. आमच्या कामाचा विचार ड्रॉइंगच्या टेबलावर झाला.

धरमपेठ_एमबीए

काका, दादा, मनापासून धन्यवाद. एक शंका. डेलची पद्धत एवढी भक्कम होती, तर 2006 मध्ये एचपी पुढं कशी गेली? सर हे नक्की काढतील.

बर्डीवाला_असेंबलर

काढू दे. यात तुझा मुद्दा उलट पक्का होतो.

डेलची पद्धत डेस्कटॉपसाठी होती. डबा उघडा, हवी ती डिस्क, हवी ती रॅम घाला, अमेरिकेतल्या ग्राहकाला अमेरिकेतच जोडून द्या. मग घरोघरी लॅपटॉप आले. लॅपटॉप शांघायच्या आसपासच्या तैवानी कारखान्यांमध्ये बनू लागले, आणि लोकांना ते हातात घेऊन, वजन आणि कीबोर्ड पाहून घ्यायचे होते. त्यासाठी दुकान लागतं. माझ्याकडंही लोक लॅपटॉप उचलून पाहिल्याशिवाय पैसे काढत नाहीत. एचपीकडे दुकानांचं जाळं होतं. शिवाय तोवर बाकीच्यांनीही आपले साठे बरेच कमी केले होते, त्यामुळं डेलचं अंतर तसंही घटलं. 2007 मध्ये मायकेल डेल पुन्हा सीईओ झाला आणि त्याच वर्षी डेल वॉलमार्टमध्ये विकायला लागली. विशेष म्हणजे हीच कंपनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला दुकानांत शिरली होती आणि 1994 मध्ये स्वतःहून बाहेर पडली होती. दोन्ही वेळी निर्णय त्या त्या वेळच्या मालाला धरून होता. सर अडले तर हे सांग: साखळी मालाच्या जातीला जुळली पाहिजे, आणि माल बदलला की ती पुन्हा बांधावी लागते.

धरमपेठ_एमबीए

हे फारच उपयोगी आहे. साठ्याचे आणि देण्या-घेण्याच्या दिवसांचे आकडे मला मूळ ठिकाणी पाहायचे आहेत. कुठं मिळतील?

बर्डीवाला_असेंबलर

डेलच्या त्या वर्षांच्या वार्षिक अहवालात. रोकड आणि तरलतेच्या भागात एक छोटा तक्ता असायचा: येणं किती दिवसांचं, साठा किती दिवसांचा, देणं किती दिवसांचं. पहिल्या दोघांची बेरीज करून तिसरा वजा कर, उत्तर उणे येईल. तोच तक्ता स्लाइडवर टाक, आणि शेजारी त्याच वर्षाचे एचपीचे आकडे काढून ठेव.